दहा सेकंदांचं गाणं

३ नोव्हेंबर २००३, सोमवार
अल्फारेटा, जॉर्जिया (अमेरिका)

हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना एकेक वही दिली होती. रोज थोडं लिहा, मनातलं बाहेर येतं, असं म्हणाल्या होत्या. आसावरीने तिची वही किराणा सामानाच्या यादीला लावली. माझी कोरी पडली होती, आणि कोरी वही मला बघवत नाही, म्हणून ही सुरुवात. बाहेर यायला आधी मनात काहीतरी असावं लागतं, ही अडचण त्या बाईंच्या लक्षात आलेली दिसत नाही.

नोंद म्हणून लिहितो. ९ सप्टेंबरला आमची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. आसावरीला पूर्ण भूल दिली होती, नंतर दोन दिवस तिला तापाची ग्लानी होती. मुलीला मी पाहिलं, तिने नाही. नर्सने विचारलं, फोटो काढू का? तिच्या आईला शुद्ध येईपर्यंत थांबू का? मी नाशिकला शरयूमावशीला फोन लावला. मावशी तीस वर्षं सिव्हिल हॉस्पिटलात सिस्टर होती, आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "दाखवू नकोस रवी, माया लागते. आणि पुढे विषयही काढू नकोस. बोलत राहिलं की जखम ओली राहते."

मी नर्सला नको म्हणून सांगितलं आणि कागदांवर सह्या केल्या. तेव्हापासून विषय काढलेला नाही. आज पंचावन्न दिवस झाले. आसावरीनेही कधी विचारलेलं नाही, म्हणजे मावशीचं बरोबर होतं. घर शांत आहे, दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. मला दुःख होतं का, असं त्या बाई विचारायच्या. होत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीचं काम सांगितलं की लोकांना गंमत वाटते. गाणं सिंगल म्हणून, म्हणजे एकटंच, रिलीज झालं की रेडिओ स्टेशनांना जाणून घ्यायचं असतं, हे वाजवत राहायचं की बंद करायचं. ते आम्ही सांगतो. आमचं मशीन दर गुरुवारी सकाळी ठरलेल्या बायकांना फोन लावतं आणि वीसेक गाण्यांचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवतं. फार आवडलं तर पाच दाबा, अजिबात नाही तर एक. शेवटी बीप वाजते, मग तीस सेकंद हवं ते बोला. पंचविशी-तिशीतल्या लग्न झालेल्या बायका हे कंट्री म्युझिकचं, म्हणजे इथल्या गावाकडच्या वळणाच्या गाण्यांचं, खरं गिऱ्हाईक, त्यामुळे भल्या भल्या गायकांचं नशीब त्यांच्या बोटांवर असतं.

सगळी यंत्रणा मी लिहिलेली आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस पूर्ण यादी नव्या डेटाबेसमध्ये हलवली, एक नाव हरवलं नाही. आमच्या साहेबाने, टॉडने, सगळ्यांना पिझ्झा मागवला.

आज नवं गाणं आलं, 'बिफोर आय कम इन', म्हणजे 'आत येण्याआधी'. टेनेसीतला कुणी नवखा गायक आहे, पहिलंच सिंगल. एक नवरा कामावरून येतो, ट्रक स्वतःच्या घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये लावतो आणि आत जात नाही. तुझ्यावर प्रेम आहे हे बायकोला कसं सांगायचं, ते आधी समोरच्या काचेला सांगून बघतो. गाणं तिथेच संपतं. तो आत गेला का, हे शेवटपर्यंत कळत नाही. टेस्टिंगसाठी मी तो तुकडा चाळीस वेळा ऐकला. ग्लेंडाने एकदाच ऐकला आणि टिश्यूचा डबा जवळ ओढला. ग्लेंडा म्हणजे बायकांचं तीस सेकंदांचं बोलणं टाइप करणारी, आजीच्या वयाची आमची सहकारी. मला म्हणाली, "तुला काहीच नाही वाटलं?" मी म्हटलं, "आवाजाची पातळी जरा कमी आहे."

घरी सहा-दहाला पोचलो, आत साडेसहाला गेलो. मधली वीस मिनिटं गाडीत बसून होतो. काही कारण नाही.

जेवताना आसावरी म्हणाली, "आज ऐकलंस काही?"

"काय?"

"ऑफिसात."

"नेहमीचंच," मी म्हटलं. तिने मला भात वाढला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एक गोष्ट लक्षात आलीय. आसावरी हल्ली गुरुवारी बरी असते. एरवी दिवसभर गाऊनमध्ये असते, पण गुरुवारी केस विंचरलेले, कानात कुड्या, स्वयंपाकात काहीतरी माझ्या आवडीचं. आज भरली वांगी होती. गुरुवार दत्ताचा, म्हणून असेल. तिच्या माहेरी पाळतात. पुण्यात बँकेत होती तेव्हा नव्हती पाळत, पण इथे व्हिसावर नोकरी करता येत नाही, वेळ असतो.

आज पुन्हा विचारलं, "ऐकलंस?" मी म्हटलं, "अगं, दिवसभर गाणीच ऐकतो मी, दुसरं काय ऐकणार?"  तिने कुड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि भांडी घासायला गेली. डिशवॉशर आहे, तरी हातानेच घासते.

४ डिसेंबर, गुरुवार

ग्लेंडा आज माझ्या टेबलाशी आली. एक बाई दर आठवड्याला बीपनंतर पूर्ण तीस सेकंद बोलते, पण इंग्रजीत नाही. ४४७१ नंबरची. यादीत वय तीस, विवाहित, जॉर्जिया, कंट्री रोज ऐकते असं लिहिलंय. "स्पॅनिश असेल," मी म्हटलं. ग्लेंडा म्हणाली, "हनी, माझा जावई मेक्सिकोचा आहे. हे स्पॅनिश नाही."

मी सांगितलं, "शेरा मारून टाक. भाषा इंग्रजी नाही, सोडून दिलं." त्यासाठी एक बटणच करून दिलं तिला. एक क्लिक, काम संपलं.

२० डिसेंबर, शनिवार

आसावरी म्हणाली, "मी पुण्याला जावं म्हणतेय."

मी म्हटलं, "जा की. बदल होईल."

"जाऊ?"

"म्हणजे काय! कधी निघतेस?"

"तू सांग."

मी ताबडतोब इंटरनेटवर बसलो. ३१ जानेवारी, शनिवार, चांगली फ्लाइट मिळाली. परतीची तारीख विचारली तर म्हणाली, "परतीचं नको काढू." ओपन ठेवू का, तर तेही नको. एकेरीच. मी काढलं. असल्या बाबतीत तिच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही असं मी ठरवलेलं आहे.

तिकिटाचा कागद प्रिंटरमधून आला तो तिने उभ्या उभ्या वाचला. "किती पटकन झालं," म्हणाली.

८ जानेवारी २००४, गुरुवार

'बिफोर आय कम इन' काठावर आहे. बायकांचा सरासरी आकडा साडेतीनच्या वर राहिला तर स्टेशनं वाजवत राहतील, खाली गेला तर रेकॉर्ड कंपनी सिंगल मागे घेईल. त्या गायकाने म्हणे नोकरी सोडलीय यासाठी. टॉडने डेटा साफ करायला सांगितलं. सगळ्यात मोठी घाण ४४७१. सात आठवडे त्या एका गाण्याला पाच आणि बाकी झाडून सगळ्या गाण्यांना एक. असं कोणी माणूस ऐकतं का? एकतर फोन एखाद्या पोराच्या हातात आहे किंवा बाई चक्रम आहे. हिशेबातून काढून टाकली. सरासरी ३.४७ झाली.

ग्लेंडा नाराज झाली. "ती रडते, रवी," म्हणाली. "भाषा कळायची काय गरज आहे? एकदा ऐक तरी."

मी म्हटलं, आपण गाणी मोजतो, रडणं नाही. टॉडला हे वाक्य फार आवडलं.

१५ जानेवारी, गुरुवार

आसावरीने आज काही विचारलं नाही. कुड्याही नव्हत्या. वरण-भात.

२२ जानेवारी, गुरुवार

गाणं गेलं. रेकॉर्ड कंपनीचा माणूस स्वतः आला होता, टॉडने मीटिंग घेतली, मला आकडे समजावून सांगायला बसवलं. ३.४७, ३.४४, ३.४१. माणूस सभ्य होता. "एवढ्यानेच गेलं होय," असं दोन-तीनदा म्हणाला.

घरी यायला साडेसात वाजले. आसावरी दारात उभी होती, अंगावर कोट, हात खिशात. बाहेर गोठवणारी थंडी. विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, "कुठे नाही. किती वाजले?" मी वेळ सांगितली. ती आत गेली आणि सरळ झोपली. मी माझं जेवण गरम करून घेतलं.

२९ जानेवारी, गुरुवार

हे ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून लिहायला घेतलं होतं, पण अक्षर वाचता येत नव्हतं. पान फाडलं. आता घरी, दुपार आहे, ती आत बॅग भरतेय. नीट क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला ४४७१ यादीतूनच काढून टाकायला बसलो. त्यासाठी फोन नंबर लागतो. नंबर उघडला तर आमच्या घरचा.

पहिल्यांदा मला स्वतःचा राग आला, तो प्रोग्रॅमर म्हणून. दोन वर्षांपूर्वी टेस्टिंगला एक खोटी बाई लागत होती, म्हणून मी घरचा नंबर टाकून एक बनवली होती. वय, विवाहित, सगळं मनाने भरलं. पुढे 'ही टेस्टची आहे, फोन लावू नये' अशी खूण होती. ऑक्टोबरात यादी हलवताना खुणांचा तो रकाना मागे राहिला. एक नाव हरवलं नाही, म्हणत होतो मी.

मग कळलं की दर गुरुवारी सकाळी मशीन माझ्या घरी फोन लावतंय आणि घरी कोण असतं.

ग्लेंडाकडून हेडफोन घेतले. सणासुदीच्या सुट्ट्यांचे तीन गुरुवार सोडून नऊ रेकॉर्डिंग होती. आठवतं तसं उतरवतो.

पहिलं: "हॅलो... रवी, हे तुमचंच मशीन ना? कंपनीचं नाव सांगितलं त्याने. तू म्हणाला होतास, हे सगळं शेवटी तुझ्याकडेच येतं म्हणून. तोंडाने विचारता येत नाही म्हणून मशीनला विचारायला सांगितलंस का रे? बरं वाटलं मला. खूप बरं वाटलं. काय बोलू पण? पुढच्या वेळी ठरवून बोलते हं."

तिसरं: "त्या ट्रकवाल्या गाण्याला मी पाचच देणार. तुला खिडकीतून बघते मी रोज, गाडीत बसलेला. मला वाटतं, तूही म्हणून बघत असशील. ये ना आत. चुकलं तरी चालेल."

चौथं: "तू तिला पाहिलंस. मी नाही पाहिलं. मला राग नाही आला, खरंच. फक्त सांग ना, कशी होती? कोणासारखी होती? समोर विचारलं की तुझा चेहरा असा दगडासारखा होतो, म्हणून इथे विचारते."

समोर कधी विचारलं होतं तिने? विचारलं असेल. मला ऐकल्याचं आठवत नाही.

सहावं, १८ डिसेंबरचं: "मी पुण्याला जाऊ का, असं तुला विचारणार आहे शनिवारी. मला जायचं नाहीये. तू नको म्हण. बस, एवढंच."

सातव्यात आणि आठव्यात ती फक्त रडते. हेच ग्लेंडा सांगत होती.

शेवटचं, मागच्या गुरुवारचं: "ऐकतोस आणि गप्प राहतोस. ठीक आहे. एकच विचारते, मग नाही विचारणार. केस होते का तिला? असले तर आज लवकर घरी ये. बोलू नकोस काही. मी समजून घेईन."

मागच्या गुरुवारी मी ३.४१ समजावून सांगत होतो.

अकराला घरी पोचलो. सरळ आत गेलो. ती कपडे गुंडाळून बॅगेत लावत होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "लवकर आलास," म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही.

"आसावरी, मी आज ऐकलं. आजच. सगळी एकदम."

"आज?"

"नंबर चुकून राहिला होता. मी मुद्दाम नव्हता टाकला. तुझं इंग्रजीत नव्हतं, म्हणून कोणी टाइप केलं नाही. मीच सांगितलं होतं, सोडून द्या म्हणून. मग आकड्यांत बसत नव्हतीस म्हणून... काढून टाकलं."

"मला काढून टाकलं?"

"हो."

ती पलंगावर बसली. मला वाटलं ओरडेल. ती हसली, अगदी थोडी. "म्हणजे तू गप्प नव्हतासच. तिथे कोणी नव्हतंच." मग म्हणाली, "बरं. आता तर ऐकलंस. होते केस?"

मी तोंड उघडलं. ती खोली आठवली, पडदे निळे होते ते आठवलं, नर्सच्या बॅजवरचं नाव आठवलं. मुलगी आठवेना. पाच महिने विषय काढायचा नाही म्हणून मी जिथे कुठे ते ठेवलं होतं, तिथे हात घातला तर काही लागेना.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

तिने पुन्हा कपडे गुंडाळायला घेतले. मला भीती वाटतेय. किती दिवसांनी काही वाटलं, तर ते हे.

३० जानेवारी, शुक्रवार

रजा घेतली. दिवसभर आठवायचा प्रयत्न केला. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "विसरलास ना? हेच चांगलं." मी फोन ठेवून दिला. मावशी बोलत असताना फोन ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

३१ जानेवारी, शनिवार

एअरपोर्टला जायला निघालो. रस्ता मोकळा होता, नको तेवढा.

काउंटरवर पहिली बॅग काट्यावर ठेवली, ती गेली. दुसरी ठेवली. मर्यादा सत्तर पौंडांची. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फोर पाउंड्स ओव्हर, सर. काहीतरी काढावं लागेल."

"आणि दोन औंस," मी म्हणालो.

ती म्हणाली, "नाही, बरोबर चार." आसावरीने बॅग उतरवून घेतली, बाजूला नेऊन जमिनीवर उघडली आणि काय काढता येईल ते बघू लागली. मी तिच्यासमोर खाली बसलो.

"चार पौंड दोन औंस," मी म्हटलं.

"ऐकलं मी. आईसाठी घातलेलं लोणचं काढते."

"तिचं वजन."

आसावरीचे हात थांबले.

मग मी बोलत सुटलो. कुठून आलं माहीत नाही. नर्सने वजन सांगितलं होतं, आणि वजनामागून सगळं आलं. लोक आमच्या बॅगेला वळसा घालून जात होते. एका बाईंनी विचारलं, मदत हवी का? आसावरीने त्यांना हाताने थांबवलं, माझ्यावरची नजर न काढता. मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं, काउंटरसमोर, सगळ्यांच्या देखत, आणि तिने लोणच्याच्या बरण्यांसकट मला जवळ ओढलं.

मी म्हटलं, "नको जाऊस."

ती म्हणाली, "हे डिसेंबरात ऐकायचं होतं मला." मग बरण्या बाजूला ठेवत, "आत्ता मला आईकडे जायचंय, रवी. हे घेऊन जायचंय. परतीचं मला माहीत नाही. विचारू नकोस."

विचारलं नाही. सिक्युरिटीच्या रांगेत ती वळण घेईपर्यंत दिसत होती. तिने मागे पाहिलं नाही, तिला जड जात असणार. मला तर फार जड गेलं.

आता पुन्हा विसरायचं नाही, म्हणून तिला सांगितलं ते इथे उतरवून ठेवतो.

केस होते. काळे, दाट, ओले, कपाळावर चिकटलेले. डोळे मिटलेले. भुवया आसावरीच्या. कान माझ्यासारखे, डावा जरा दुमडलेला. नखं पूर्ण आलेली होती. अंग अजून गरम होतं, ती ऊब आसावरीची होती. मी तिला साधारण दहा मिनिटं घेतलं. काही बोललो नाही, काय बोलतात ते सुचलं नाही. मग नर्सने हात पुढे केले. देताना मी तिच्या डोक्याखाली तळवा धरला. इतक्या लहान बाळाची मान सावरावी लागते, म्हणून.